पिशवीत दोष नव्हता, रक्ताची एक तपासणी राहिली होती

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक जाहिरात आली. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या मोफत वंध्यत्व निवारण शिबिराची. अर्धं पान, रंगीत, पैसे आगाऊ. मजकुरात एक ओळ होती, ‘इम्युनिटीमुळे वारंवार गर्भपात? आता खात्रीशीर उपाय.’ मी फोन करून विचारलं, उपाय म्हणजे नेमकं काय करता? पलीकडचा मुलगा मार्केटिंगचा. बिचाऱ्याला पाठ करून दिलेलं तेवढंच येत होतं. म्हणाला, “सर, नवऱ्याच्या रक्तातून लस बनवून मॅडमला देतात. हंड्रेड पर्सेंट रिझल्ट.”

जाहिरात घेतली नाही. पण ती ओळ डोक्यातून जाईना, कारण तिचा अर्धा भाग खरा आहे. शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीमुळे गर्भ टिकत नाही, असं काही बायकांच्या बाबतीत खरंच होतं. त्यावर उपायही आहे. फक्त तो त्या जाहिरातीतला नाही. आणि जो आहे त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाला फारसं सुटत नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. गेले तीन आठवडे ओळखीच्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि एका पॅथॉलॉजिस्टला भंडावून सोडलं, मिळेल ते वाचलं, त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात हा विषय आहे त्यांनी सवडीने वाचा.

एखादा गर्भपात होणं ही फार सर्रास गोष्ट आहे. दिवस गेल्याचं कळल्यावर शंभरातल्या साधारण पंधरा जणींचा गर्भ पहिल्या काही महिन्यांतच जातो. निम्म्याहून जास्त वेळा कारण असतं गर्भाच्या गुणसूत्रांतली चूक. पपई नाही, जिना नाही, एसटीचा धक्का नाही, ग्रहणात भाजी चिरली म्हणून तर नाहीच नाही. पण काही बायकांच्या बाबतीत हे दोनदा, तीनदा, चारदा होतं. शंभरात एखाद-दुसरं जोडपं. आपल्या तालुक्याची लोकसंख्या डोळ्यासमोर आणा, म्हणजे हा आकडा किती घरांत जातो ते कळेल. ही घरं आपल्याला दिसत नाहीत, कारण ही गोष्ट कुणी बोलत नाही. बाई डोहाळजेवणाला यायची बंद होते. लोक म्हणतात, स्वभाव बदलला.

आमच्याच भागातल्या एका बाईची हकीकत तिच्या परवानगीने लिहितो. नाव, गाव नाही.

विसाव्या वर्षी लग्न. पहिल्यांदा दिवस गेले, नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके थांबलेले. पिशवी धुतली, सहा महिने थांबा म्हणाले. दुसऱ्यांदा तेच. ‘पिशवी कमजोर आहे’ असं कुणीतरी सांगितलं आणि तिसऱ्यांदा पिशवीच्या तोंडाला टाका घातला. टाका जिथल्या तिथे राहिला, बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. आता पिशवी कमजोर असती तर बाळ बाहेर आलं असतं, पोटात जागच्या जागी कसं गेलं, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. घरात मात्र पुष्कळ प्रश्न विचारले गेले. कुलदैवताचं राहिलंय का, माहेरच्या कुणाचं काही राहिलंय का. झोपायची खोली बदलली. गळ्यात, दंडात, कमरेला काय काय बांधून झालं.

चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा खासगीतले पैसे संपले होते, म्हणून नाव सरकारी दवाखान्यात नोंदवलं. तिथे प्रत्येक गरोदर बाईच्या रक्ताच्या ठरलेल्या तपासण्या होतात, त्यातली एक व्हीडीआरएल. सिफिलिस या गुप्तरोगासाठीची. रिपोर्ट आला, ‘रिॲक्टिव्ह’. कागद सासूबाईंच्या हातात पडला आणि त्याचा अर्थ कुणीतरी घराबाहेरच्या माणसाने समजावून सांगितला. नवऱ्याची तपासणी केली, ती निगेटिव्ह. खेडेगावातल्या घरात या दोन कागदांचा मिळून काय अर्थ लागतो, ते मी लिहायची गरज नाही. ती आठ महिने माहेरी होती. चौथं लेकरू तिथेच गेलं, दहाव्या आठवड्यात.

पुण्याला राहणाऱ्या थोरल्या बहिणीने तिला रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून बोलावून घेतलं. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर मुलीने सगळे कागद जमिनीवर पसरून तारखेवार लावले. व्हीडीआरएलचा कागद बघून ती थांबली. टीपीएचए नावाची दुसरी, पक्की तपासणी करायला लावली. ती निगेटिव्ह. म्हणजे सिफिलिस नव्हताच, कधीच नव्हता. मग तिने आणखी तीन तपासण्या लिहून दिल्या आणि चार गर्भपातांचं कारण तिथे सापडलं.

बाई मला म्हणाली, “भाऊ, चार लेकरं गेली त्याचं मी देवावर घातलं. त्या कागदाचं कुणावर घालू?”

आता हे काय गौडबंगाल आहे ते सांगतो. व्हीडीआरएलची तपासणी सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. त्यात कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ वापरतात. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न या अमेरिकन संशोधक बाईंनी तो गुराच्या हृदयातून वेगळा काढला. सिफिलिस झालेल्याच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, या पदार्थाला चिकटतात आणि तपासणी ‘रिॲक्टिव्ह’ येते. पण काही माणसांच्या रक्तात अशा पदार्थांविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याच कारणाने तयार झालेली असतात. त्यांचीही तपासणी तशीच येते. डॉक्टरी भाषेत याला खोटा पॉझिटिव्ह म्हणतात आणि हे पाऊणशे वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच व्हीडीआरएलनंतर दुसरी पक्की तपासणी केल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नसतं. सांगायचं झालं तरी त्या बाईला सांगायचं असतं, तिच्या सासूला नाही.

हे दुसरं कारण म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. डॉक्टर लोक ‘एपीएस’ म्हणतात. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज या डॉक्टरांनी याची नीट मांडणी केली, म्हणून ‘ह्यूज सिंड्रोम’ असंही नाव आहे. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या पातळ आवरणावरच्या प्रथिनांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या व्हायला लागतात. कुणाला पायाच्या शिरेत, कुणाला ऐन तिशीत मेंदूत. आणि गरोदर बाईमध्ये ही प्रतिपिंडं वारेवर जाऊन बसतात. वार म्हणजे बाळाची शिदोरी. ती नीट रुजतच नाही, तिथे सूज येते, रक्तपुरवठा तुटतो. बाळात दोष नसतो, पिशवीत दोष नसतो, रसद तुटलेली असते.

कोविडपासून आपण ‘इम्युनिटी’ हा शब्द च्यवनप्राशसारखा वापरतो. जितकी जास्त तितकी चांगली. इथे रोग आहे तो इम्युनिटी कमी पडल्याचा नाही, तिचा नेम चुकल्याचा. त्यामुळे गर्भ टिकावा म्हणून इम्युनिटी वाढवणारे काढे पिणाऱ्या बायका भेटल्या तेव्हा काय बोलावं कळेना.

वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांपैकी शंभरात साधारण पंधरा जणींमध्ये ही प्रतिपिंडं सापडतात. उरलेल्या पंच्याऐंशींना एपीएस नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. पण माहीत असलेल्या कारणांमध्ये ज्यावर उपचार करता येतो असं हे सगळ्यात मोठं कारण, आणि उपचार अगदी साधा आहे. लहान मात्रेची ॲस्पिरिनची रोज एक गोळी, चहाच्या कपापेक्षा स्वस्त. आणि दिवस गेल्याचं कळल्यापासून पोटाच्या कातडीखाली घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन. ते वारेतून बाळाकडे जात नाही. लंडनमध्ये एपीएस असलेल्या ९० बायकांवर झालेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती ॲस्पिरिन घेतलेल्या ४५ जणींपैकी १९ जणींच्या हातात बाळ आलं, ॲस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्ही घेतलेल्या ४५ जणींपैकी ३२ जणींच्या. नंतरच्या काही अभ्यासांत फरक इतका ठळक आला नाही, तरी आजही जगभर एपीएससाठी हीच जोडी देतात.

आमच्या या ताईने पाचव्या खेपेला साडेसात-आठ महिने स्वतःच्या हाताने पोटात इंजेक्शनं घेतली. पोट काळंनिळं झालं होतं म्हणाली. एका इंजेक्शनला काही शे रुपये, त्यापायी एक म्हैस विकली. मुलगी आता तीन वर्षांची आहे.

इथे थांबून एक गोष्ट ठळक सांगतो. हे वाचून कुणी स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करू नका. एपीएस नसताना, नुसतं ‘कारण सापडत नाही’ म्हणून ॲस्पिरिन-हेपॅरिन दिल्याने काही फायदा होत नाही, हे नेदरलँड्समध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात २०१० मध्येच दिसलंय. तरी आपल्याकडे कित्येक ठिकाणी तपासणी न करताच ‘घेऊन तर बघा’ म्हणून इंजेक्शनं चालू करतात. पैसे जातात आणि खरं कारण झाकलं जातं ते वेगळंच.

तपासणीचा घोळ आणखी आहे. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे झालं असं नाही. साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडं काही दिवस रक्तात दिसू शकतात, म्हणून किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. तीन तपासण्या असतात: अँटिकार्डिओलिपिन, अँटि-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट. यातलं तिसरं नाव इतकं फसवं आहे की ज्याने ठेवलं त्याला विचारायला हवं. ऐकणाऱ्याला वाटतं बाईला ल्युपस नावाचा आजार आहे आणि तिचं रक्त पातळ आहे. ल्युपस असेलच असं नाही. आणि काचेच्या नळीत रक्त गोठायला वेळ लागतो म्हणून ते नाव, शरीरात मात्र उलट, गुठळ्या होतात. या तपासणीचं रक्त काही तासांच्या आत यंत्रात फिरवून वेगळं करून गोठवावं लागतं. आमच्या पॅथॉलॉजिस्टने हात जोडले. म्हणाला, “इथून नमुना संध्याकाळच्या गाडीत टाकला, रात्रभर हलत गेला, की सकाळी येणाऱ्या रिपोर्टवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.” बाई आधीच हेपॅरिनवर असेल तरीही निकाल फसवा येऊ शकतो. म्हणजे ही तपासणी जिथे धड होते तिथे जाऊनच करायची. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही केंद्र सरकारची संस्था रक्ताच्या अशाच विकारांवर काम करते, एवढं तरी आपल्या डॉक्टरांनी पेशंटला सांगायला हरकत नाही.

कुणी करायची? २००६ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष सोप्या भाषेत असे: दहा आठवड्यांच्या आत ओळीने तीन गर्भपात, किंवा दहा आठवड्यांनंतर, रचनेत दोष नसलेलं एक जरी बाळ पोटात गेलं असेल तर. किंवा बीपी खूप वाढून, वार नीट काम करेनाशी होऊन चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागलं असेल तर. बरेच डॉक्टर आता दोन गर्भपातांनंतरच तपासतात. आमच्या ताईचं पाचव्या महिन्यातलं ते एक बाळ एवढ्यावरच तपासणी व्हायला हवी होती. त्यानंतर मधे गेलं एक लेकरू आणि आठ महिने.

आता जाहिरातीतल्या लसीकडे येऊ. तिचं मूळ एका चांगल्या प्रश्नात आहे. सख्ख्या भावाची किडनी बसवली तरी शरीर ती सहज स्वीकारत नाही, आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. मग गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे बाईच्या शरीराला निम्मा परका. तो नऊ महिने कसा टिकतो? १९५३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी हा प्रश्न मांडला. पुढे १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, रोगप्रतिकारशक्तीवरच्याच दुसऱ्या कामासाठी. या प्रश्नावरून काही डॉक्टरांनी अंदाज बांधला की ज्यांचे गर्भपात होतात त्यांच्या शरीराला नवऱ्याच्या पेशींची ‘ओळख’ कमी पडत असेल, तर नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी टोचून ती करून द्यावी. १९८५ मध्ये एका ब्रिटिश चाचणीत फायदा दिसला आणि हे खूळ जगभर पसरलं. १९९९ मध्ये अमेरिकेत कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांनी नीट, मोठी चाचणी केली. लस घेतलेल्यांपैकी ३६ टक्के बायकांचं गर्भारपण टिकलं, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकी ४८ टक्के. म्हणजे न घेणाऱ्याच बऱ्या राहिल्या. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर ही लस द्यायला मनाई केली. आणि आपल्याकडे २०-२२ वर्षांनी तिची रंगीत जाहिरात.

या लसीची भावंडंही आहेत. ‘एनके सेल’ तपासणी हे एक. एनके म्हणजे नॅचरल किलर, नैसर्गिक मारेकरी. नावच असं की ‘तुमच्या किलर पेशी वाढल्यात, त्या बाळाला मारतात’ असं म्हटलं की कुठलीही आई कर्ज काढेल. प्रत्यक्षात गर्भाशयातल्या एनके पेशी बाळाला मारत नाहीत. त्या वारेच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात, केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांचं सगळं काम यावरच आहे. आणि हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही. मग पुढे इंट्रालिपिडचं सलाइन. ते काय आहे माहितीये? सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातला स्निग्धांश. ज्यांना तोंडाने खाता येत नाही अशा अत्यवस्थ पेशंटसाठी बनवलेलं. आमच्या मराठवाड्यात सोयाबीनला हमीभाव मिळेना, आणि इथे त्याच तेलाची बाटली शिरेतून सोडायचे हजारो रुपये. त्याहून महाग आयव्हीआयजी, हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. ब्रिटनमध्ये वंध्यत्व उपचारांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था आहे, तिने अशा जादा उपचारांना सिग्नलसारखे रंग दिले. हे सगळे इम्युनिटीवाले उपचार तिने लाल दिव्यात टाकले.

मग लोकांना गुण कसा येतो? तर ज्यांच्या गर्भपाताचं कारण सापडत नाही त्यांच्यापैकी बहुतेकींना, वय फार झालेलं नसेल तर, पुढे कधी ना कधी काहीही न करता मूल होतं. तीन गर्भपातांनंतरसुद्धा. त्या वेळी जो कुणी सोबत असेल त्याच्या नावावर ते जमा होतं. लसवाल्याच्या, सलाइनवाल्याच्या, नाहीतर अंगारेवाल्या बाबाच्या. बाबा निदान इंजेक्शन देत नाही.

कायदा काय म्हणतो? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपायांच्या जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत स्त्रियांचं वंध्यत्व आहे. आमच्या धंद्यातल्या मित्रांनी ती यादी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावी. टेस्ट-ट्यूब बेबी केंद्रांसाठी २०२१ चा वेगळा कायदा आहे. त्यात केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि यशाची शक्यता, फायदे, तोटे, धोके आणि खर्च जोडप्याला आधी समजावून सांगणं हे केंद्राचं कर्तव्य आहे. म्हणजे ‘हे कशाच्या आधारावर देताय, लिहून द्या’ असं विचारायला घाबरायचं कारण नाही. आणि नोकरी करणाऱ्या बायकांसाठी, गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. आमच्या एमआयडीसीत चार जणींना विचारलं, एकीलाही माहीत नव्हतं.

मला यात सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते. चांगली योजना आहे, गर्दी असते, मी बातम्या केल्यात. पण त्यात यायचं तर गरोदर असावं लागतं. जिचा गर्भ गेला ती त्या दिवसापासून गरोदर नाही आणि माताही नाही. तिच्या नावापुढे नोंदवहीत ‘गर्भपात’ एवढा शब्द पडतो आणि आशाताई पुढच्या घरी जातात. त्यांचाही दोष नाही, त्यांना पुढचं काही करायला सांगितलेलंच नाही. खरं तर तिला तपासायची योग्य वेळ हीच असते, दोन गर्भारपणांच्या मधली. बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यायचं तर ते याच काळात.

परवा जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात लेखी अर्ज देऊन आलोय. चार गोष्टी विचारल्यात. एपीएसच्या तिन्ही तपासण्या जिल्ह्यातल्या कुठल्या सरकारी रुग्णालयात होतात, होत नसतील तर नमुना कुठे आणि कसा पाठवतात. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आल्यावर टीपीएचए किती दिवसांत होते, आणि तोवर तो रिपोर्ट कुणाच्या हातात देतात. दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या बायकांची वेगळी यादी कुठल्या पातळीवर ठेवली जाते का. आणि हेपॅरिन सरकारी औषधसाठ्यातून एपीएसच्या गरोदर बायकांना मिळतं का. पोच घेतली आहे, आवक क्रमांक माझ्याकडे आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा जातोय. उत्तर जसंच्या तसं इथे टाकतो.